ठिणगी पडणारच, पुढे काय?

गिरगावातल्या जुन्या लाकडी चाळींत जिना बहुतेक वेळा एकच असतो, आणि मीटरही त्याच जिन्याखाली असतात. निम्मा धोका इथेच आहे. बेस्टचे मीटर, शेजारी चिनी मातीचे पांढरे फ्यूज, ज्यांना वायरमन मंडळी किटकॅट म्हणतात, आणि तिथून आधी सागवानी पट्टीवरून आणि पुढे प्लॅस्टिकच्या पट्टीतून वर चढलेला वायरींचा जुडगा. मीटरपर्यंतची केबल बेस्टची. मीटरनंतरची वायर भाडेकरूची. भिंत, बोर्डाचं लाकूड आणि जिना मालकाचा, आणि पागडीच्या इमारतीत मालक किती वेळा फिरकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. खोलीत नवीन फिटिंग, नवे स्विच, फॉल्स सीलिंग करून घेणारा माणूसही मीटरपासून स्वतःच्या दारापर्यंतच्या वायरीला सहसा हात लावत नाही. ती सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात दोन शब्द येतात: शॉर्ट सर्किट. तेवढ्यावर चौकशी संपल्यासारखी वाटते. मात्र फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटले, तर प्रवाह क्षणात शेकडो अँपिअरवर जातो आणि धड बसवलेला ब्रेकर सेकंदाच्या एका तुकड्यात उडतो. म्हणजे खरा, सणसणीत शॉर्ट हा ब्रेकरला सगळ्यात सहज पकडता येणारा बिघाड आहे. घर जाळतात ते त्याच्यापेक्षा दुबळे बिघाड, ब्रेकरला पत्ता न लागू देणारे.

पहिला बिघाड वाढलेल्या लोडचा. १९२०च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या तेव्हा १६० चौरस फुटांच्या खोलीत एसी येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लाइटच्या फिटिंगला पूर्वी 'तीन-बावीस' वापरत, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांची वायर, आजच्या मापात साधारण १.२ चौरस मिलिमीटर. दोन दिवे, पंखा आणि रेडिओ मिळून एक अँपिअर भरला तर भरला. आज दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ आणि इंडक्शनची शेगडीही तेवढेच. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, प्रवाह दहापट तर उष्णता शंभरपट. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण सतत सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा हिशेबाने बनतं. त्यापुढे दर दहा अंशांना आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ नियम आहे. ते लगेच पेटत नाही. आधी कडक होतं, मग ठिसूळ, आणि एके दिवशी वायरमनने वायर जरा वाकवली की त्याचे तुकडे हातात येतात.

तरी लांब वायर सगळीकडून सारखी तापते आणि उघड्यावर असेल तर निवतेही. खरी गोम जोडात आहे. समजा, प्लगच्या मागचा एक स्क्रू ढिला झाला आणि तिथे अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. त्यातून एसीचे आणि फ्रिजचे मिळून दहा अँपिअर जातायत. त्या जोडावर पाच व्होल्ट पडतात, म्हणजे २३०चे २२५ झाले. एसीला कळत नाही, दिव्याला कळत नाही, ब्रेकरला तर मुळीच नाही, कारण त्याच्या लेखी अजून दहाच अँपिअर चालले आहेत. पण त्या एका स्क्रूवर पन्नास वॅट उष्णता पडते आहे. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते आणि ती धातू वितळवते. तशा दोन आयर्न हरभऱ्याएवढ्या जागेत दाबून धरा, रोज रात्रभर.

पुढचं आपोआप होत जातं. तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, अडथळा वाढतो, म्हणून ते आणखी तापतं. रात्री फुगलेला धातू सकाळी आकसतो आणि स्क्रू आणखी सैल होतो. मुंबईची खारी, दमट हवा तांब्यावर हिरवट गंज चढवते, तो वेगळाच. अल्युमिनियमची जुनी वायर तांब्याच्या नव्या वायरीला नुसता पीळ देऊन जोडली असेल तर हे सगळं लवकर होतं. प्लगची पांढरी पाटी कडेने पिवळी-तपकिरी होणं ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे तापलेल्या प्लॅस्टिकचा, पुष्कळदा मासळीसारखा येणारा वास. कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांनी या बाबतीत जरा जास्तच चौकस असावं.

मग एमसीबी, म्हणजे घरातला हा ब्रेकर, करतो काय? त्याच्यात दोन वेगळी यंत्रं आहेत. एक चुंबकाचं: प्रवाह एकदम पाच-दहा पटींवर गेला की ते तत्काळ तोडतं. दुसरं दोन धातूंच्या पट्टीचं: जास्त प्रवाहाने पट्टी हळूहळू वाकते आणि खटका पाडते. हे हळूहळू किती हळू, ते समजून घ्यायला हवं. मानकाप्रमाणे वीस अँपिअरच्या एमसीबीने साडेबावीस अँपिअरला तासाभरात पडायचं नाही, आणि एकोणतीस अँपिअरला तासाभराच्या आत पडायचंच. म्हणजे पंचवीस अँपिअरवर तो बराच वेळ शांत बसू शकतो, आणि तसं बसणं नियमातच धरलेलं आहे. म्हणून एमसीबी वायरीच्या जाडीप्रमाणे निवडायचा असतो, उपकरणाच्या भुकेप्रमाणे नाही. 'एसी चालू केला की सारखा पडतो' म्हणून वीसच्या जागी बत्तीसचा लावून देणारा माणूस त्या वायरीचा एकमेव रखवालदार निवृत्त करून जातो. किटकॅटमध्ये फ्यूज वायरीऐवजी तांब्याच्या दोन तारा पिळून घालणारा त्याचाच थोरला भाऊ.

आरसीसीबीचं काम वेगळं. जुनी माणसं त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो किती प्रवाह गेला हे पाहतच नाही. जेवढा गेला तेवढा परत आला का, एवढंच तो मोजतो. कमी आला तर तो कुठेतरी गळतो आहे: ओल आलेल्या भिंतीत, गिझरच्या पत्र्यात किंवा तुमच्या हातातून. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसासाठी. तीनशेचा मुख्यतः आगीसाठी, आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला तीनशे मिलिअँपिअर गळाले तर गळतीच्या जागी सुमारे सत्तर वॅट उष्णता होते, आणि ओलसर, धूळ बसलेल्या लाकडाला आग धरायला तेवढी पुरू शकते. पावसाळ्यात जिन्याची भिंत पाझरते तेव्हा ही गळती आधी बारीक असते. पाण्यातले क्षार आणि धूळ यांच्यातून प्रवाह सरपटतो, आवरणाचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. हळूहळू रोधकाचाच वाहक होतो. पण ढिल्या स्क्रूपुढे आरसीसीबी आंधळा आहे, कारण तिथे काहीच गळत नाही.

राहिली ठिणगी. दोन वायरींच्या मधे किंवा तुटक्या वायरीच्या दोन टोकांत तडतडणारी, हजारो अंश तापमानाची, पण प्रवाह तुटक आणि मर्यादित. एमसीबीला ती पुरेशी मोठी वाटत नाही, आरसीसीबीला ती दिसत नाही. ठिणगीची तडतड प्रवाहाच्या लाटेवरून ओळखणारे वेगळे ब्रेकर आहेत. अमेरिकेच्या विद्युत संहितेने ते १९९९च्या आवृत्तीत झोपण्याच्या खोल्यांसाठी आणले. आपल्याकडच्या घरांत ते क्वचितच दिसतात.

ठिणगीचं हे लपणं सगळ्यात महाग पडलं ते विमानात. २ सप्टेंबर १९९८च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ या एमडी-११ विमानात वैमानिकांना कॉकपिटमध्ये कसलातरी वास आला. त्यानंतर साधारण वीस मिनिटांत विमान कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपास मंडळाने चार वर्षांहून जास्त काळ लाखो तुकडे जुळवले आणि मार्च २००३मध्ये अहवाल दिला. आग कॉकपिटच्या छताच्या पोकळीत सुरू झाली होती. तिथल्या एका वायरीवर ठिणगीच्या खुणा सापडल्या. ती वायर प्रवाशांच्या करमणुकीच्या पडद्यांची होती. ही यंत्रणा विमान बनताना नव्हती, नंतर बसवलेली होती. तिथलीच ठिणगी पहिली, असं मंडळाने ठामपणे म्हटलं नाही. पण त्या काळचे ब्रेकर अशा ठिणगीला पडण्यासाठी बनवलेलेच नव्हते, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं.

मला या अहवालातल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, केबिनची वीज तोडायचा खटका वैमानिकांच्या हाताशी होता, पण ही नवी यंत्रणा त्या खटक्याच्या पलीकडून जोडलेली होती. दोन, ठिणगी छोटीच होती. ती मोठी केली छताच्या पोकळीतल्या उष्णतारोधक गाद्यांच्या चकचकीत, धातूचा मुलामा दिलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या आवरणाने. ते आवरण त्या वेळच्या ज्वालेच्या परीक्षेत पास झालेलं होतं, तरीही त्याच्यावरून आग पळत गेली. पुढे अमेरिकेच्या विमान प्रशासनाने सुमारे सातशे विमानांतून ते काढायला लावलं आणि गाद्यांची परीक्षाच बदलली.

स्विसएअरच्या अपघाताच्या दोन वर्षं आधी, १७ जुलै १९९६ला, टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ न्यूयॉर्कजवळ हवेत फुटलं होतं आणि २३० माणसं गेली होती. तपासात इंधनटाकीतल्या वाफेचा स्फोट असं ठरलं, आणि टाकीबाहेरच्या शॉर्टमुळे जास्त दाबाची वीज इंधन मोजणाऱ्या वायरीतून आत शिरली असावी हे सगळ्यात संभाव्य कारण मानलं गेलं. शेजारून जाणाऱ्या वायरीचं दुखणं दुसऱ्या वायरीला बाधलं, असा तो मामला.

तोवर वायर म्हणजे यंत्राचं शेपूट अशीच समजूत होती. पंप तपासा, दिवा तपासा. वायर त्यांच्यासोबत आलीच. २००७मध्ये अमेरिकेच्या नियमांत ही समजूत मोडली. वायर, तिचे जोड, पट्टे, नळ्या, कनेक्टर या सगळ्यांची मिळून एक स्वतंत्र यंत्रणा मानली गेली आणि तिच्यासाठी वेगळं प्रकरण लिहिलं गेलं. प्रत्येक वायर ओळखता आली पाहिजे. तपासणीसाठी तिच्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. इंधन, प्राणवायू आणि हायड्रॉलिक तेलाच्या नळ्यांपासून ती अंतरावर हवी. एका वायरीचा बिघाड दुसऱ्या महत्त्वाच्या वायरीला घेऊन बुडता कामा नये. आणि आवरणाची परीक्षा: वायर साठ अंशांच्या कोनात ताणून तिला तीस सेकंद ज्वाला लावायची. ज्वाला काढल्यावर सरासरी तीस सेकंदांत ती विझली पाहिजे, जळलेली लांबी तीन इंचांच्या आत हवी आणि गळून पडलेला थेंब तीन सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये. वायर पेटणारच नाही, असं हा नियम म्हणतच नाही. पेटली तर किती, एवढंच तो विचारतो.

दुरुस्तीच्या शिस्तीतही बदल झाले. वायरींच्या जुडग्यावर साठलेला कपड्यांचा तंतू आणि धूळ, छिद्र पाडताना पडलेला धातूचा कीस हे आता आगीचं सामान समजलं जातं आणि काम करता करता उचलायचं असतं. उड्डाणात पडलेला ब्रेकर पुन्हा चढवायचा नाही. सुरक्षेसाठी अगदी लागणारच असेल तर फक्त एकदा. आपल्याकडे पडलेला एमसीबी सहाव्यांदा वर करताना 'आता बसला बघा' म्हणणारे वॉचमन आठवा.

आता परळला येऊ. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि जिन्याखालच्या बोर्डाची जागा डक्टने घेतली. तळमजल्यावरच्या मीटर रूमपासून गच्चीपर्यंत जाणारी ही उभी पोकळी, तिच्यात मुख्य केबली किंवा बसबार. आग खाली लागली की ही पोकळी चिमणीसारखी वर ओढ घेते, आणि परळ-लालबागच्या माणसाला चिमणी काय करते हे वेगळं सांगायला नको. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेचा नियम असा आहे: विजेच्या केबलींना स्वतंत्र डक्ट हवा, त्यात पाण्याच्या, गॅसच्या, टेलिफोनच्या लाइनी नकोत, आणि प्रत्येक मजल्यावर तो आगरोधक साहित्याने बंद हवा, तेही त्या मजल्याच्या स्लॅबइतकाच वेळ आग थोपवील अशा ताकदीने. म्हणजे विमानवाल्यांना दोन अपघातांनंतर पूर्णपणे पटलेली गोष्ट आपल्या संहितेत लिहिलेली आहे. वायरीच्या शेजारी काय आहे आणि आगीला वाट कुठे आहे, हेच तिने पकडलं आहे.

लिहिलेलं प्रत्यक्षात कुठे निसटतं, तेही बघू. इमारत नवी असताना डक्ट मजल्यामजल्याला नीट बुजवलेला असतो असं धरून चालू. मग इंटरनेटवाला येतो आणि ड्रिलने एक भोक पाडतो. दुसऱ्या कंपनीचा येतो, त्याला पहिल्याचं भोक सापडत नाही. सीसीटीव्ही येतो, इंटरकॉम बदलतो. भोकं कुणी बुजवलीच, तर फवारायच्या पिवळ्या फोमने, आणि साधा फोम स्वतःच चांगला जळतो. आगरोधक लेप, पुटी आणि गाद्या वेगळ्या मिळतात, त्यांच्यावर किती मिनिटांची ताकद ते छापलेलं असतं. शिवाय डक्टला दार असल्यामुळे तिथे झाडू, रद्दी, जुनी तोरणं आणि कुणाचीतरी सायकलही जाऊन बसते. स्विसएअरच्या छतातली गादी निदान विमानाचा भाग तरी होती.

२२ ऑगस्ट २०१८ला परळमध्ये हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चार माणसं गेली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं आणि तिची आग विझवण्याची यंत्रणा चालत नव्हती. उंच इमारतीत ज्वाळेपेक्षा धूर आधी पोहोचतो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो आणि डोळे, घसा पकडतो. धुरात माणसाला जिना सापडत नाही, त्याचं हे एक कारण. म्हणून वायरीच्या वेटोळ्यावरची अक्षरं वाचायची. 'एफआर' म्हणजे ज्वाला पसरू न देणारी, 'एफआरएलएस' म्हणजे त्यासोबत कमी धुराची आणि कमी आम्लाची. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. या वायरीचं आवरण जळत राहायला निदान एकोणतीस टक्के लागतो. हॅलोजन अजिबात नसलेल्या वायरी त्याहून पुढच्या, आणि महाग. मात्र एकट्या वायरीची परीक्षा आणि डक्टमधल्या पन्नास केबलींचा जुडगा यांत फरक आहे. जुडगा एकमेकांना तापवतो.

प्रत्येक आग वायरीची नसते, हेही ध्यानात ठेवावं. लोअर परळच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ला चौदा जण गेले, तेव्हा अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं.

भाद्रपदात या सगळ्याची दहा दिवसांची परीक्षाच असते. गिरगावची केशवजी नाईक चाळ १८९३पासून गणपती बसवते, लालबागचा राजा १९३४चा. रोषणाई आणि मांडवाचं कापड तेव्हापासून शेजारीशेजारीच आहे. एलईडी आल्यामुळे हॅलोजनची भाजणारी उष्णता गेली, हे मोठंच काम झालं. जोड मात्र तेच, टेप गुंडाळलेले, पावसात भिजणारे. मांडवात सगळ्यात जास्त जपायचा तो तात्पुरत्या थ्री-फेज जोडणीचा न्यूट्रल. तो सुटला की तीन फेजांवरचा लोड आपापसांत व्होल्टेज वाटून घेतो, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथल्या दिव्यांवर २३०ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट चढू शकतात. तिथले एलईडीचे ड्रायव्हर फुटतात, आणि ड्रायव्हर टांगलेला असतो कापडावर. न्यूट्रलला लग क्रिंप करून बोल्ट आवळायचा, पीळ देऊन भागवायचं नाही. जोड कापडापासून आणि जमिनीपासून लांब, डब्यात ठेवायचे. आणि जनरेटर व बेस्टची लाइन एकाच चेंजओव्हर स्विचमधून घ्यायची, म्हणजे खटका पाडल्यावर मांडवाच्या कुठल्याच कोपऱ्यात वीज उरत नाही. स्विसएअरच्या वैमानिकांना नेमकं हेच करता आलं नाही.

टॉवरमध्ये हाच प्रश्न इन्व्हर्टरचा. मीटर रूममधून घराची लाइन तोडली तरी घरातला इन्व्हर्टर त्या वायरींत वीज सोडतच राहतो. तो बंद करायचा खटका कुठे आहे ते घरातल्या एकालाच माहीत असतं, आणि तो एक ऑफिसात असतो.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तपासून, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात. सगळ्यांचं लक्ष पंप, होज आणि नळकांड्यांवर असतं. डक्टची दारं उघडून प्रत्येक मजल्यावरची भोकं पाहायला त्याच दिवशी अर्धा तास पुरतो. कमिटीने एक जिना उतरत खाली यायचं, एवढंच. मीटर रूममधल्या जोडांसाठी उष्णता दाखवणारा कॅमेरा भाड्याने मिळतो. त्यात ढिला स्क्रू शेजारच्यापेक्षा उजळ दिसतो, झाकण उघडायला परवानाधारक वायरमन मात्र हवा. फक्त ही तपासणी सकाळी अकराला करून घेऊ नका. तेव्हा लोक कामावर असतात, एसी बंद असतात, जोडांतून जेमतेम दोन अँपिअर चाललेले असतात आणि सगळे स्क्रू गार दिसतात. मे महिन्यात, रात्री दहानंतर बोलवा.